इंजिन बंद झाल्यावर

मानवजातीच्या वाटचालीत तीनच खरे टप्पे आहेत: चाकाचा शोध, इंजिनाचा शोध आणि या दोघांची एका लेडीज सायकलीवर गाठ घालून देण्याची फिटरकाकांची कामगिरी. हे विधान खुद्द फिटरकाकांचं असून ते त्यांनी आपल्या पहिल्या व्हिडिओच्या प्रारंभी, हेल्मेटवर कॅमेरा चढवून, अत्यंत धीरगंभीर आवाजात केलं होतं. त्यानंतर त्यांनी चार पॅडल मारून क्लच सोडला, आणि मानवजात कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जाऊन चेन पडल्यामुळे थांबली. तिथून ती ढकलत घरी आणावी लागली. व्हिडिओ एकूण एकोणीस मिनिटांचा होता. त्यातली अकरा मिनिटं ढकलण्याची होती.

फिटरकाकांनी एकतीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात देखभाल विभागात काढली होती. पट्टा अडकला, भट्टीचा पंखा बसला, की "फिटरला बोलवा" अशी हाक उठे, आणि हाच त्यांचा बारशाचा कार्यक्रम ठरला. आता बायको सोडून सगळं गाव त्यांना फिटरकाका म्हणत असे. बायको "अहो" म्हणे.

म्हणे, असं लिहायचं कारण ती गेले सोळा महिने इथे नव्हती. काळजी नको, काकू ठणठणीत होत्या. त्या लेकीकडे गेल्या होत्या. लेक राहायची दोन विमानं बदलून जावं लागेल एवढ्या लांब, आणि तिला जुळं झालं होतं. काकू तीन महिन्यांसाठी गेल्या. तीन महिने संपले तेव्हा जुळ्यांना दात येत होते. मग ते चालायला लागले, आणि दोघं एकदम दोन दिशांना चालत. मग पाळणाघरात जागा मिळेना. परतीचं तिकीट तीनदा पुढे ढकललं गेलं, आणि तिन्ही वेळा काकूंनी फोनवर विचारलं, "मग काय करू? तुमची काही अडचण?"

आणि तिन्ही वेळा फिटरकाकांनी छाती फुगवून उत्तर दिलं, "मला काय धाड भरली आहे? तू राहा निवांत."

हे ते इतक्या खणखणीत आवाजात म्हणत, की काकूंचा त्यावर विश्वास बसे. फोन ठेवल्यावर ते पाच मिनिटं तिथेच बसून राहत आणि टेबलाच्या पायाखाली घडी करून सरकवलेला कागद पुन्हा नीट सरकवत. टेबल डुगडुगत नव्हतं.

आता सायकलीविषयी. ती काकूंची होती. त्या टपाल कचेरीत होत्या, आणि सव्वीस वर्षं रोज याच सायकलीवरून, पुढच्या जाळीत डबा आणि छत्री ठेवून, कामावर गेल्या. पुढे गुडघे दुखू लागले आणि सायकल भिंतीला टेकून राहिली. तेव्हा फिटरकाकांनी वचन दिलं होतं, "तुझ्या सायकलीला मोटर बसवून देतो. पुढच्या रविवारी." तो रविवार यायला अकरा वर्षं लागली. गवत कापायच्या यंत्राचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन त्यांनी फ्रेममध्ये बसवलं, पाण्याच्या स्टीलच्या बाटलीची पेट्रोलची टाकी केली, मागच्या चाकाला दुसरी दातेरी चकती लावली, आणि फटफटी पहिल्यांदा फटफटली ती काकू विमानात बसल्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी. वेळ पाळण्याच्या बाबतीत फिटरकाकांचा हात कोणी धरू शकत नसे.

कॅमेरा जावयाचा. काड्यापेटीएवढा, पाण्यात पडला तरी चालेल, दरीत पडला तरी चालेल असला. जावयाने तो डोंगर चढण्यासाठी हौसेने घेतला. डोंगर जागच्या जागी राहिले आणि जावईही. शेवटी तो कॅमेरा सासऱ्यांकडे आला.

चॅनलचं नाव 'फिटरची फटफटी'. सभासद एकोणीस. दर व्हिडिओ साधारण अकरा जण बघत. त्यांत 'चेनवाला सात' या नावाचा कोणी एक सज्जन दर वेळी खाली लिही, "काका, सीट वर घ्या. तुमचे गुडघे मध्ये येतात, रस्ता दिसत नाही."

हे खरं होतं. फिटरकाका सहा फुटांना दोन बोटं कमी. सायकलीची सीट काकूंच्या मापाची, म्हणजे पार खाली. त्यामुळे प्रत्येक व्हिडिओत डावा गुडघा, उजवा गुडघा, डावा गुडघा असे दोन टेकाडांसारखे वर येत, आणि त्यांच्या खिंडीतून जे दिसेल ते जग. एक पाना फिरवला असता तर प्रश्न मिटला असता. पण ते दर वेळी उत्तर लिहीत, "सीट बरोबर आहे."

"बघतेस का गं व्हिडिओ?" असं त्यांनी एकदा काकूंना फोनवर विचारलं होतं. अगदी सहज, कुठली बस कुठे थांबते हे विचारावं तसं.

"मला कुठला वेळ? इथे दोघं दोन दिशांना," काकू म्हणाल्या. "जेवलात?"

"जेवलो."

"गोळी?"

"घेतली."

"स्वयंपाकघरातल्या पंख्याचं बेअरिंग बदललंत?"

"आणून ठेवलंय."

"आणून चार वर्षं झाली. बसवलंत का, असं विचारते आहे."

"या रविवारी."

दर रविवारचा फोन असा असे. त्यात गोळी असे, बेअरिंग असे, जुळे असत. बाकी काही नसे. चौतीस वर्षांच्या संसारात एकमेकांना जे काही सांगायचं, ते या दोघांनी गोळी आणि बेअरिंग यांच्यामार्फतच सांगितलं होतं, आणि समोरासमोर असताना ते पोचतही होतं. फोनवरून मात्र फक्त गोळी आणि बेअरिंगच पोचत होतं.

शेजारी एक गृहस्थ राहत. ते हवामान खात्यातून निवृत्त झाले होते आणि त्यांनी आयुष्यभर आलेख वाचले होते. त्यांचे अंदाज चुकत, पण आलेख देखणे असत. एका सकाळी ते चहाला आले, तेव्हा फिटरकाका संगणकावर चॅनलचे आकडे बघत होते. अकरा जणांनी बघितलं, यापलीकडे ते कधी गेले नव्हते. हवामानवाल्यांनी चष्मा चढवला आणि खालची एक वाकडीतिकडी रेघ बोटाने दाखवली.

"हे काय आहे?"

"असेल काहीतरी. कंपनीवाले दाखवतात."

"अहो, हा आलेख आहे. कुठल्या मिनिटाला किती लोक बघतात त्याचा. हे बघा, सुरुवातीला सगळे आहेत. दुसऱ्या मिनिटाला निम्मे गेले."

"तिथे मी कार्बोरेटर समजावतो."

"तरीच. मग उतार, उतार, सपाटी. आणि हे शेवटी काय उठलंय?" हवामानवाल्यांचा आवाज एकदम खात्यातला झाला. "शेवटच्या चार मिनिटांत रेघ वर चढते आहे. शंभर टक्क्यांच्या वर. म्हणजे कोणीतरी तेवढाच तुकडा परत परत बघतंय. प्रत्येक व्हिडिओत आहे हे. शेवटी असतं काय तुमच्या?"

"शेवटी काय असणार? इंजिन बंद करतो."

"आणि मग?"

"मग काय? संपलं."

फिटर माणसाच्या दृष्टीने इंजिन बंद झालं की चित्रपट संपतो. त्यामुळे फिटरकाकांनी स्वतःचे व्हिडिओ कधी त्यापुढे बघितलेच नव्हते. कॅमेऱ्यातून निघेल ते सगळंच्या सगळं ते चॅनलवर चढवत. कापायचं कसं हे त्यांना येत नव्हतं आणि कापण्यासारखं काही असेल असंही वाटलं नव्हतं. हवामानवाल्यांनी शेवटचा भाग लावला, आणि दोघं बघू लागले.

इंजिन बंद झालं. चित्र हललं, हेल्मेट डोक्यावरून निघालं, दार गेलं, भिंत गेली, आणि चित्र फ्रिजशेजारच्या फळीवर येऊन स्थिर झालं. समोर ओटा. वर पंखा, कुचूकुचू वाजणारा. मग बाजूने फिटरकाका आत आले, घामाने भिजलेला शर्ट काढून खुर्चीवर टाकला, आणि बनियनवर उभे राहून म्हणाले, "आलो गं."



पडद्यावरचे फिटरकाका बाटलीने पाणी प्यायले, अर्धं अंगावर. चहाचं आधण ठेवलं. पावाचा तुकडा कपात बुडवून खाल्ला, आणि तोंडात पाव असतानाच, दारामागच्या, काकूंच्या रिकाम्या खुंटीकडे बघत सांगू लागले, "आज बेकरीपाशी चेन नाही पडली. टपालवाल्यांनी दाराला रंग दिलाय. निळा. तुला नसता आवडला." मग कप धुतला, पालथा घातला, आणि फळीकडे वळून म्हणाले, "अरे, हा चालूच राहिला की." एक प्रचंड अंगठा पुढे आला आणि सगळं काळं झालं.



"तुमच्या फटफटीपेक्षा तुमचं स्वयंपाकघर जास्त चालतंय," हवामानवाले म्हणाले.

"प्रत्येक व्हिडिओत असंच?"

"एकोणतीस व्हिडिओ आहेत. एकोणतीस वेळा बनियन असणार."

फिटरकाकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एकोणीस सभासदांपुढे, चेनवाला सातपुढे, आपण एका खुंटीशी गप्पा मारताना दिसलो, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. त्यांनी त्याच दुपारी व्हिडिओ कापायचा कसा ते शिकून घेतलं. कारखान्यात निकामी भाग काढून टाकण्यात त्यांचा हातखंडा होता. पुढचे तीन व्हिडिओ स्वच्छ निघाले. इंजिन बंद, व्हिडिओ बंद.

आलेखही स्वच्छ झाला. शेवटचा उंचवटा गेला. रेघ उतरत उतरत शेवटी जमिनीला टेकली आणि तिथेच आडवी पडून राहिली.

"आकाश निरभ्र," हवामानवाले म्हणाले, पण त्यात त्यांना काही आनंद झालेला दिसला नाही.

तिसऱ्या व्हिडिओनंतरच्या रविवारी फोन आला. जेवण झालं, गोळी झाली. बेअरिंगची पाळी आली तेव्हा काकूंनी वेगळंच विचारलं.

"हल्ली घरी येत नाही का तुम्ही?"

"म्हणजे? घरातूनच बोलतोय."

"तसं नाही. व्हिडिओत. फाटकापाशीच संपतो. आत येतच नाही तुम्ही."

फिटरकाकांनी मनात हिशेब केला. फाटकापर्यंत पोचायला तेरा मिनिटं लागतात. ज्या बाईला वेळ नाही, तिला फाटक माहीत कसं?

"तू बघतेस?"

"मी कुठली बघते," काकू घाईघाईने म्हणाल्या. "जुळे बघतात. दुपारी झोपायच्या आधी लागतं त्यांना. 'आलो गं' झालं की झोपतात. आता तीन आठवडे झाले, झोपत नाहीत." मागे कुठेतरी काहीतरी मोठं पडलं आणि कोणीतरी रडू लागलं. "बघा. ठेवते. गोळी घ्या."

गोळी घेतली होती हे सांगायचं राहून गेलं.

फिटरकाका फोन मांडीवर ठेवून बसून राहिले. टेबलाखालचा कागदही सरकवला नाही. एकोणतीस व्हिडिओ. प्रत्येकाची शेवटची चार मिनिटं. परत परत. दीड वर्षाची पोरं आलेखाची रेघ शंभराच्या वर नेतात, यावर देखभाल विभागातल्या माणसाचा विश्वास बसणं अवघड होतं. त्यांना वाटत होतं, आपण रिकाम्या घरात हाक मारतो. ती हाक रोज दोन विमानं बदलून जात होती आणि कोणीतरी तिथे तिची वाट बघत होतं. आणि ती वाट त्यांनी स्वतःच्या हाताने, नीट मोजून, कापून टाकली होती.

तिला यायचं आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण तिला कोणी बोलावलेलंच नाही, हे त्यांना आत्ता, सोळा महिन्यांनी, स्पष्ट दिसलं. बोलवायचं त्यांनी. आणि ते तर तीनदा निवांत राहा म्हणाले होते.

फोनवर ते जमणार नाही, हेही उघड होतं. फोनवर गोळी मध्ये येते. सांगायचं तर तिथेच, त्या शेवटच्या चार मिनिटांत.

मजकूर तयार करायला दोन दिवस लागले. आयुष्यभर त्यांनी एकाच प्रकारचं लेखन केलं होतं, ते म्हणजे यंत्र दुरुस्तीचा अहवाल. त्यामुळे पहिला खर्डा असा झाला: "सायकल तपासली. ब्रेक ठीक. चेन ठीक. सीट मूळ उंचीवर कायम. वापरणारी व्यक्ती अनुपस्थित." तो त्यांनी हवामानवाल्यांना दाखवला.

"यात 'ये' कुठे आहे?" हवामानवाल्यांनी विचारलं.

"अध्याहृत आहे."

"सोळा महिने अध्याहृतच आहे. आता शब्द घाला."

बुधवारी ते निघाले. इंजिन एका दमात चालू झालं. बेकरी गेली, चेन टिकली. त्या दिवशी ते टपाल कचेरीवरून नुसते गेले नाहीत. निळ्या दारापाशी, जिथे काकू सव्वीस वर्षं सायकल लावत असत त्या खांबाजवळ, थांबले. इंजिन चालू, गुडघे दोन्ही बाजूंना. आतली एक बाई खिडकीतून बघू लागली. ते अर्धं मिनिट थांबले आणि वळले.

फाटक आलं. इंजिन बंद. हेल्मेट फळीवर, या वेळी मुद्दाम, ओट्याकडे तोंड करून. लाल दिवा चालू आहे हे त्यांनी वाकून बघितलं. शर्ट काढायला हात गेला आणि परत आला. एकतीस वर्षं यंत्रांमध्ये काढलेल्या माणसाला नवीन आवाज तेवढा ऐकू येतो. डोक्यावरचा पंखा चार वर्षं जसा कुचकुचत होता तसाच कुचकुचत होता, म्हणजे त्यांच्या लेखी शांतता होती.

"आलो गं," ते म्हणाले.

मग पाणी प्यायले नाहीत. आधण ठेवलं नाही. ओट्याला पाठ लावून, हात मागे बांधून, मुलाखतीला उभे राहतात तसे उभे राहिले.

"तुझी सायकल तयार आहे," ते म्हणाले. आवाज खणखणीत नव्हता. खणखणीत आवाज ते निवांत राहा म्हणण्यासाठी वापरत. हा घशातून जेमतेम वर आला. "सीट तुझ्या मापाची आहे. सगळे म्हणतात वर घे. मी नाही घेतली. मला करमत नाही. ये आता तू."

एवढं बोलून ते आठवल्यासारखे पुढे झाले, आणि अंगठ्याने सगळं काळं केलं.

व्हिडिओ त्यांनी न कापता, अख्खा चढवला. मग ते कामाला लागले. कपाटातला काकूंचा खण पुसला. दारामागची खुंटी डुगडुगत होती ती पक्की केली. सायकलीची जाळी पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली. गुरुवार गेला. चेनवाला सातने लिहिलं, "काका, सीटचं कळलं. परत बोलणार नाही." फोन मात्र वाजला नाही.

शुक्रवारी सकाळी हवामानवाले चपला न घालताच आले.

"आलेख बघितलात?"

"नाही बघवत."

"बघा. आयुष्यात असा उंचवटा बघितला नाही मी. शेवटची वीस सेकंदं. रेघ कागदाबाहेर जायची बाकी आहे. हे एका माणसाचं काम आहे, आणि त्याने काल दुसरं काहीच केलेलं नाही." ते खुर्चीवर बसले आणि मुद्दाम खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मीही ऐकलं. ते सीटचं. चांगलं बोललात."

"नीट ऐकू आलं?"

"शब्द न् शब्द."

तेवढ्यात फोन थरथरला. काकूंचा निरोप होता. त्या कधी तीन शब्दांच्या वर लिहीत नसत. हा चांगला चार ओळींचा होता. फिटरकाकांनी चष्मा शोधला, तो डोळ्यांवरच होता. हात शर्टाला पुसले. हवामानवाले उठून ओट्यापाशी गेले आणि उगाच पालथा कप सुलटा करू लागले. वर पंखा कुचकुचत होता.

निरोप असा होता:

"अहो, व्हिडिओ बघितला. शेवटी ओट्यापाशी उभं राहून काहीतरी म्हणालात. पंख्याच्या आवाजात काही कळलं नाही. बेअरिंग तेवढं बदला, आणि परत एकदा म्हणा."